लमजदसाहेबांची इंग्रजीची परीक्षा

भर दुपारी लमजदसाहेबांनी शिवणयंत्रं थांबवली, तेव्हाच राफिका सावध झाली. ट्युनिशियातल्या क्सार हिलाल गावच्या या कपड्यांच्या कारखान्यात बाईला पाणी प्यायला उठू न देणारा माणूस आज सगळ्यांना पुदिन्याचा चहा पाजत होता. वर बदामही टाकलेले. बकऱ्यालाही आधी चारा घालतातच.

मागच्या दाराला कुलूप घालून बायकांना आत कोंडतात, आम्ही हे किती सहन करायचं, असं निनावी पत्र परदेशी गिऱ्हाइकाकडे गेल्याची आणि तिथून साहेबांच्या हाती आल्याची कुजबुज कारखानाभर होती. ते राफिकाने लिहिलं होतं, इंग्रजीत, आणि तिथेच तिची हुशारी तिला नडली. या गावात इंग्रजी येतं ते फ्रेंचचं बोट धरून. 'सहन करणं' म्हटलं की जो तो फ्रेंच 'स्युपोर्ते'च्या सवयीने चुकीचं 'सपोर्ट' लिहून मोकळा होतो. राफिकाने मात्र अस्सल 'पुट अप विथ' लिहिलं होतं, आणि तेही अगदी बिनचूक.

साहेबांनी कोरे कागद वाटले. "गंमत म्हणून हो. 'आम्ही हा उकाडा सहन करतो', एवढंच इंग्रजीत लिहा. बघू तरी, आमच्या पोरी किती शिकल्यात."

राफिकाने 'सपोर्ट' लिहिलं. शिर सलामत तर पगडी पचास.

शेजारी काजं करणारी नझीहा होती. जेवणाच्या सुट्टीत ती राफिकाकडेच इंग्रजी शिकायची. राफिकाची नजर तिच्या कागदावर गेली. पोरीने अगदी बरोबर 'पुट अप विथ' लिहिलं होतं. तिला खुणावणार कसं? साहेब पाठीशीच उभे होते.

त्यांनी कागद उचलला. "वा! कुणी शिकवलं गं हे?"

नझीहा हरखून वळली. "राफिकाताई, बरोबर आहे ना?"

साहेब आता राफिकाकडे बघत होते. तिला स्वतःची लाज वाटली, पण भीती लाजेहून मोठी होती.

"मला काय विचारतेस? माझंच बघ, काय खरडलंय ते."

नझीहाने बघितलं. याच चुकीसाठी ताईने तिला कितीदा टोकलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. तिला सगळं कळलं.

"कुणी नाही शिकवलं, साहेब," ती म्हणाली. "माझं मीच शिकले."

"असं? मग चल जरा माझ्या खोलीत."

नझीहा उठली. राफिकाने मान वर केली नाही.