दोनशे वीस उत्तरं

बारा वर्षांत चौथ्यांदा तीच दोनशे वीस वाक्यं. 'दुसऱ्याचं दुःख मला कंटाळवाणं वाटतं.' 'मला हवं ते मी कुणाकडूनही काढून घेतो.' किती लागू पडतं, शून्य ते तीन. स्वभावातले काटे वर्षानुवर्षं तसेच राहतात की बोथट होतात, हे मोजणं संशोधिकेचं काम. या खेपेला त्यावर आणखी काही अवलंबून होतं. आकडे उतरले, तर उपचारगृह तिथे ठेवलेल्या धाकट्या भावाला सोडणार होतं आणि त्याची थोरली बहीण, ताई, त्याला घरी नेणार होती.

आकडे उतरले होते. उतरले कसले, घरंगळले होते.

"जित्याची खोड म्हणे मेल्याशिवाय जात नाही!" ताई हसल्या. "याची बघ, जिवंतपणी गेली. मागे घरी होता तेव्हा मी आतून कडी लावून झोपायचे गं. आता माझ्या शेजारचीच खोली रंगवून ठेवलीय."

संशोधिकेला मात्र ती उत्तरं कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. इथे कामाला लागताना प्रत्येकाला ही प्रश्नावली स्वतःसाठी भरावी लागे. तिने कपाटाचं कुलूप काढून आपली प्रत बाहेर घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या.

दोनशे वीसपैकी दोनशे वीस जुळली.

तोच माणूस पंधरा दिवसांनी तीच प्रश्नावली भरतो, तेव्हाही दहा-वीस ठिकाणी त्याचं स्वतःशी पटत नाही. आणि तिची प्रत तर कुणी पाहिलेलीच नव्हती.

मग तिला आठवलं. धाकट्याचा चष्मा फुटला होता, म्हणून वाक्यं तिनेच वाचून दाखवली होती. समोरासमोर बसून. प्रत्येक वाक्यानंतर तो क्षणभर तिच्या तोंडाकडे बघायचा, मग आकडा सांगायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला पुन्हा बसवलं. ताईंना त्याच्या मागच्या खुर्चीत बसायला सांगितलं आणि कागद स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरला.

"एक. दुसऱ्याचं दुःख मला कंटाळवाणं वाटतं."

त्याने मान वाकडी करून कागदाआड डोकवायचा प्रयत्न केला.

"मॅडम," तो गोड आवाजात म्हणाला, "कागद जरा खाली घ्या ना."

"का? ऐकू येत नाही का?"

"येतंय की. पण मी कसा आहे ते दिसत नाहीये."

ताई खुदकन हसल्या. "नाटकी मेला!"

संशोधिकेने कागद हलवला नाही. दोन, तीन, चार. खोलीत फक्त तिचाच आवाज. मग खुर्ची करकरली. धाकटा मागे वळला होता.

"पाच. एकटं राहायची मला भीती वाटते."

"तीन."

"सहा. जवळच्या माणसांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवते किंवा ठेवतो."

"तीन," तो लगेच म्हणाला. "ठेवते."

ताईंचं हसू विरलं. त्यांनी दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकून घेतला.

"सात," संशोधिकेने वाचलं. आठ. नऊ. तो हनुवटी वर करून, त्या झाकलेल्या हातांकडे धीराने बघत वाट पाहत होता.

"राहू दे त्याला इथेच," ताई तळव्यांआडून म्हणाल्या, आणि चेहऱ्यावरचे हात न काढताच, पायाने चाचपडत दाराकडे निघाल्या.