चाळणीबाईंची मंजुरी

ऑफिसात तिला सगळे चाळणीबाई म्हणत, आणि हे नाव तिने स्वतःच ओढवून घेतलं होतं. जुन्या डेटाबेसमधली माहिती साफसूफ करून नव्यात भरणारं एक सॉफ्टवेअर तिने लिहिलं, त्याला ‘चाळणी’ म्हटलं आणि कुणीही फुकट वापरावं, सुधारावं म्हणून त्याचा कोड जगाला खुला केला. जग वापरू लागलं. सुधारायचं म्हटलं की मात्र बाईंचा नियम आडवा येई: माझ्या मंजुरीशिवाय एक ओळही आत जाणार नाही. नियम केला तेव्हा तिला कोण अभिमान वाटला होता!

आता तोच गळ्याशी आला होता. नवऱ्याची बदली झाली होती, तो लेकीला घेऊन दुसऱ्या गावी राहत होता आणि ही इथे एका खोलीत, एक गादी आणि एक पातेलं एवढ्या संसारात. तिकडे तिची नोकरी ठरली होती. महिनाअखेर रुजू झाली नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. साहेबांची अट एकच: “चाळणी कुणाच्या तरी हाती सोपवा आणि खुशाल जा. आपले सगळे ग्राहक तिच्यावर चालतात.”

त्यासाठी एका दाढीवाल्याला नव्याने कामावर घेतलं होतं. दोन मुलांचा बाप, कामाला पक्का. आल्या आल्या त्याने तिची जुनी चूक पकडली. जन्मतारीख रिकामी दिसली की चाळणी तिथे एकोणीसशे सालचा एक जानेवारी ठोकून द्यायची. एका दवाखान्यातली, तारीख भरायची राहिलेली तान्ही बाळं त्यामुळे पणजोबांच्या वयाची होऊन बसली होती. दाढीवाल्याने रिकामं ते रिकामं राहू दिलं आणि बदल मंजुरीला पाठवला. हा एक बदल पार पडला की चाळणी त्याची, असं साहेब सांगून मोकळे झाले.

चाळणीबाईंनी तो परत पाठवला. फंक्शनचं नाव पटलं नाही. त्याने बदललं. मग चाचण्या कमी वाटल्या. त्याने वाढवल्या. मग पडद्यावर उमटणाऱ्या सूचनेचं वाक्य खटकलं. शेवटी तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“ताई, चूक असेल तर सांगा. आवडनिवड सांगू नका.”

“बघते,” ती म्हणाली. तिला ते झोंबलं, कारण खरं होतं.

जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याचा फोन आला. “कधी निघतेस?”

“एवढा एक बदल मार्गी लागू दे.”

“मागेही एकच राहिला होता.” त्याने फोन लेकीकडे दिला.

“आई, तू आलीस की किती दिवस राहशील?” लेकीने विचारलं. पाहुण्यांना विचारतात तसं.

जिन्यात उभी राहून ती रडली. मग तोंड धुऊन, आज काय वाट्टेल ते होवो, मंजुरी द्यायचीच, असं ठरवून जागेवर आली. बदल उघडला. एकदा, शेवटचं म्हणून, नजर टाकली. आणि दिसलं की दाढीवाल्याने कोडमध्ये तिने स्वतःसाठी लिहून ठेवलेली एक जुनी टीप काढून टाकली आहे. त्या टिपेचा आता काही उपयोग नव्हता, हे तिलाही कळत होतं. तरी हात थांबले नाहीत. तिने लिहिलं, ‘ही का काढली? परत घाला.’

दाढीवाला उठला तो थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला. थोड्या वेळाने साहेब बाहेर आले.

“तो दुसऱ्या टीममध्ये जातोय. जाऊ द्या हो मॅडम, तुमच्यासारखी नजर कुणाकडे नाही. दुसरा माणूस मिळेपर्यंत, दोन-चार महिने, तुम्हीच सांभाळा.”

ऐकून तिला आधी बरं वाटलं. बरं वाटलं हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःची शरम वाटली. तिने तो बदल होता तसाच मंजूर केला, पण आता त्याने काहीच सुटणार नव्हतं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन लावला. “महिनाअखेर जमत नाही.”

“आता कुणी अडवलं?”

“मीच.”

“बरं,” तो म्हणाला. “ पोरीला मी काही सांगत नाही. तू कधी येणार, हे तिने विचारायचं सोडलंय.”