यास्नाच्या ओळीतली बाटली

मी बाटली बोलतेय. माश्या पकडायची बाटली. मुरडलंत ना नाक? मुरडा खुशाल. सफरचंदाचं व्हिनेगर, चिमूटभर साखर आणि बुडून मेलेल्या माश्या पोटात घेऊन बसलेल्या बाईला अत्तराचा वास कुठून येणार? पण माझे दिवस असे नव्हते. मी जेवणाच्या टेबलावर मधोमध बसलेली आहे.

चिल्यान शहराच्या वर, डोंगराच्या अंगाला झुनिल्दाबाईंचा रास्पबेरीचा मळा आहे. त्यांची एकुलती एक मुलगी यास्ना उत्तरेला, तांब्याच्या खाणीवरच्या खानावळीत नोकरीला निघाली, त्या दुपारी मला विकत आणलं. कोंबडीचा रस्सा होता, मक्याचं कणीस होतं आणि मी होते, थंडगार, गोड, फेसाळती. माझ्यातला शेवटचा पेला यास्नाने घेतला आणि ती बसकडे पळाली. झुनिल्दाबाईंनी भांडी घासली, उरलंसुरलं कुत्र्याला घातलं. मला मात्र त्यांनी टाकलं नाही. विसळून खिडकीत ठेवलं.

त्याच सुमारास आमच्याकडे ही परकी माशी आली. साधी माशी सडक्या फळावर जाते, तिचं कुणाला काही वाटत नाही. ही सटवी नुकत्या रंगावर आलेल्या फळाला चीर पाडते आणि आत अंडी घालते. वरून फळ लालचुटूक, आत अळ्या. नराच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका असतो, तीच तिच्या जातीची ओळख.

शेजारचे ओनोफ्रे हे वस्तीतले सगळ्यांत जुने रास्पबेरीवाले. त्यांनी तापल्या खिळ्याने माझ्या अंगाला भोकं पाडली, माशीला आवडते म्हणून लाल पट्टी गुंडाळली. असं त्यांनी घरोघरच्या बाटल्यांना केलं. शनिवारी आम्ही सगळ्या त्यांच्या ओसरीवर जमायचो. चहाच्या गाळणीतून आमची पोटं रिकामी करायची आणि भिंगाखाली ठिपके शोधायचे. कुणाच्या मळ्यात माशी वाढतेय ते आम्ही सांगायचो. वस्तीचं ठरलंही होतं की पिकलेलं एकही फळ झाडावर ठेवायचं नाही, पडलेलं उचलायचं आणि खराब फळ पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकायचं. एकाने हयगय केली की माशी सगळ्यांकडे जायची.

झुनिल्दाबाईंनीही मान डोलावली होती. पण ओढ्याकडच्या शेवटच्या ओळीला त्या हात लावत नसत. या वस्तीत घरचं माणूस लांब असलं की त्याचा वाटा झाडावरच ठेवतात. तोडून टोपलीत टाकला की तो विकायचा माल होतो, वाटा राहत नाही. यास्नाला उशिराची, मऊ पडलेली, काळपट लाल फळं आवडायची, तीही झाडावरून थेट तोंडात टाकायची. मार्च सरता सरता, आमच्याकडचा उन्हाळा संपताना येते, असं ती दर वर्षी फोनवर सांगायची. दर वर्षी रजा मिळायची नाही.

मला त्याच ओळीत टांगलं होतं. वासाने बोलावणं हे माझं काम. मी बोलावलं की नको त्यांची झुंबड उडायची आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईला हवी होती ती मात्र यायची नाही. झुनिल्दाबाई पानं बाजूला करून फळं बघायच्या आणि तोडता तोडता हात मागे घ्यायच्या. मला फार वाटायचं, यास्नाने एकदा तरी यावं.

मग शुक्रवारी संध्याकाळी त्या माझं पोट गुपचूप रिकामं करून, ताजं व्हिनेगर भरून मला रस्त्याकडच्या ओळीत नेऊ लागल्या. माशीला सावली लागते, ओल लागते. तिथे रणरणतं ऊन आणि भणभण वारा. साहजिकच शनिवारी मी जवळजवळ रिकामी निघायचे. झुनिल्दाबाईंचा मळा किती स्वच्छ, असं सगळे म्हणायचे. त्या मान खाली घालून माते, म्हणजे नळीने ओढायचा आमचा कडवट चहा, प्यायच्या. ते कौतुक मला काट्यासारखं टोचायचं.

यंदा ओढ्यापलीकडे ओनोफ्रेंचं उशिराचं सगळं पीक नासलं. व्यापाऱ्याने पेट्या परत पाठवल्या. त्या पेट्या अंगणात उतरवून म्हातारा तसाच आमच्याकडे आला, थेट शेवटच्या ओळीत गेला. मूठभर फळं तोडून त्याने स्वयंपाकघरात पेल्यात टाकली, वरून मिठाचं पाणी ओतलं. दोघं समोरासमोर बसली. मातेचा एक फेरा झाला. विसळून ठेवलेली मी खिडकीत होते. पेल्यात पांढऱ्या, बारीक अळ्या वळवळत फळांतून बाहेर येऊ लागल्या.

"यायची होती हो ती," झुनिल्दाबाई म्हणाल्या.

"बाई, ठेवलंत पोरीसाठी, पण खातंय कोण ते बघा."

"तिचा वाटा आहे तो, ओनोफ्रेदादा."

"मग हा तिच्या हातावर ठेवाल?"

झुनिल्दाबाईंनी पेला उचलून बाहेर नेऊन ओतला. परत आल्या त्या पिशव्या घेऊन. दुसऱ्या दिवशी वस्ती मदतीला आली, पण ती ओळ त्यांनी दुसऱ्या कुणाला तोडू दिली नाही. एकेक फळ स्वतः काढलं. पिशव्यांची तोंडं बांधताना त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्या रडत होत्या आणि डोळे पुसायला हात कोरडा नव्हता. मला ते पुसता आले असते तर, असं वाटलं. मग त्यांनी मला रस्त्याकडे न नेता पुन्हा तिथेच, सावलीत टांगलं.

रविवारी यास्नाचा फोन आला तेव्हा झुनिल्दाबाई त्याच ओळीत उभ्या होत्या. या वेळीही जमत नाही, असं ती म्हणत असणार, कारण त्या नुसत्या हं हं करत होत्या. मग तिने नेहमीचं विचारलं. फोनचा आवाज मोठा होता, मला ऐकू आलं.

"माझी ओळ ठेवलीस ना गं, आई?"

"नाही ठेवली. काढून टाकली सगळी."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू सप्टेंबरात ये," झुनिल्दाबाई म्हणाल्या. "राष्ट्रीय सणाची सुट्टी असते तुम्हाला."

"सप्टेंबरात काय असतं तिथे? नुसत्या काटक्या."

"मी असते."

आता ऑगस्ट आहे, आमच्याकडचा हिवाळा. छाटणी झाली, ओळ उघडीबोडकी आहे. माझ्या पोटात क्वचित एखादी माशी पडते. या ओळीतून वळणावर थांबणारी बस नीट दिसते, म्हणून एवढंच मागणं आहे, सप्टेंबरापर्यंत मला इथून कुणी हलवू नका.