निळ्या खुणेचे अकरा गोऱ्हे

शशिधर मगदूम वीस वर्षं गडहिंग्लज भागात जनावरांचा डॉक्टर होता. २००५ साली त्याच्या बायकोला, मधुमतीला, ग्लासगोच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञाची नोकरी लागली आणि तो तिच्यापाठोपाठ स्कॉटलंडला आला. इथली परीक्षा दिल्याशिवाय त्याला सुईलाही हात लावता येणार नव्हता, आणि परीक्षेआधी एखाद्या व्हेटबरोबर, म्हणजे इथल्या जनावरांच्या डॉक्टरबरोबर, फिरून काम बघायला हवं होतं. पंचेचाळिशीतल्या अनोळखी माणसाला बरोबर न्यायला कुणी तयार होईना. नऊ नकार पचवून तो लॅनार्कजवळ हेक्टर बेर्ड नावाच्या शेतकऱ्याकडे कामाला लागला. शेण ओढायचं, पेंढा पसरायचा, चारा टाकायचा. मधुमती मैत्रिणींना ‘फार्मवर असतो’ एवढंच सांगे. गुरं मांसासाठी वाढवलेली होती, ते ती सांगत नसे.

शशिधरनं मनाशी ठरवून टाकलं होतं. पुढं त्यांचं काय व्हायचं ते आपल्या हातात नाही; गोठ्यात आहेत तोवर त्यांना धड श्वास घेता यावा, एवढं आपण बघायचं.

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात हेक्टरनं तीन बाजारांतून चौऱ्याऐंशी गोऱ्हे आणले. नुकतेच आईपासून तोडलेले, लांबच्या प्रवासानं शिणलेले, एकमेकांना परके. सगळे एकाच गोठ्यात. आदल्या हिवाळ्यात असेच आणलेले पाच गोऱ्हे फुप्फुसाच्या तापानं गेले होते. वाचले ते महिनोन्‌महिने खोकत राहिले, आणि मे महिन्यात विकायला जायचे ते ऑगस्टपर्यंत गोठ्यातच उभे होते. “खातात तेवढंच, पण अंगी लागत नाही,” असं हेक्टर अजून हळहळून म्हणे.

आठव्या दिवशी सकाळी चारा टाकून झाल्यावर शशिधर फाटकाला टेकून अर्धा तास नुसता उभा राहिला. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तो एकेकाचे श्वास मोजत होता. मग तो हेक्टरला शोधत गेला.

“हेक्टर, अकरा गोऱ्हे आजारी आहेत.”

“अकरा? मला तर एकच खोकताना ऐकू आला.”

“तो तितका आजारी नाही. तो मागचा बघा, कान पडलेला. चाऱ्याशी आला, हुंगलं आणि परत फिरला. मिनिटाला पन्नासच्या वर श्वास चाललाय त्याचा.”

हेक्टरनं डोळे बारीक केले. “तिकडे तू डॉक्टर होतास ना?”

“हो. म्हशींचा जास्त. पावसाळ्यात घटसर्प यायचा. खोकल्याची वाट बघत बसलं की म्हैस हातची जायची.”

हेक्टरला हसण्यावारी नेता आलं असतं. गुरं त्याची होती, आणि हा त्याचा शेण ओढणारा गडी. पण तो आत गेला आणि थर्मामीटर घेऊन आला. लोखंडी पिंजऱ्यात एकेकाला अडकवून शशिधरनं पाठीवर निळी खूण मारली, हेक्टरनं ताप बघितला. पहिल्याला एकशे पाच. दुसऱ्याला त्याहून जास्त. अकरांपैकी नऊ तापानं फणफणले होते. नववा आकडा वाचून हेक्टरनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि व्हेटला फोन लावला.

तासाभरात व्हेट, फियोना लॉरी, आली. एकेकाची छाती ऐकून तिनं औषध दिलं. “एरवीपेक्षा दोन दिवस आधी सापडलेत,” ती म्हणाली. “कुणी ओळखलं?”

हेक्टरनं शशिधरकडे बोट दाखवलं. तेव्हा पहिल्या दिवसापासून मनात होतं ते शशिधर बोलला: “या गोठ्यात हवा खेळत नाही. छपरातून पाणी ठिबकतं, डोळे झोंबतात.” हवा कशी फिरते ते बघायला फियोनानं धुराची नळी पेटवली. धूर गुरांच्या डोक्यावर तसाच लोंबकळत राहिला. दुसऱ्या दिवशी हेक्टर आणि शशिधरनं मिळून भिंतीची एकाआड एक फळी उचकटली.

तरी चौथ्या दिवशी एक गोऱ्हा गेला. निळी खूण नसलेला.

“माझ्या नजरेतून सुटला,” शशिधर मान खाली घालून म्हणाला.

“गेल्या वर्षी माझ्या नजरेतून पाच सुटले होते,” हेक्टर म्हणाला. “चल, चहा घे.”

एप्रिलात वजनं झाली. हेक्टर काट्यावरचे आकडे मोठ्यानं वाचत होता आणि त्याचा आवाज चढत चालला होता. खोकणारे गोऱ्हे गेल्या वर्षी दिवसाला जेमतेम अर्धा किलो वजन धरत. यंदा खुणेचे बहुतेक किलोच्या वर गेले होते, निरोग्यांच्या जवळपास. दोन मात्र मागे राहिले. त्यांची फुप्फुसं आधीच खराब झाली होती, आणि ती काही भरून येणार नव्हती.

शेवटचा गोऱ्हा सुटल्यावर हेक्टर म्हणाला, “फियोनाशी बोललोय. दर गुरुवारी तू तिच्याबरोबर फिरायचंस. पगार कापणार नाही.”

या देशात थँक्यू दिवसातून पन्नासदा म्हणायचं, बस ड्रायव्हरलाही. तो शब्द इथं अपुरा होता. शशिधरनं हातमोजे काढले, हेक्टरचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

“अरे, माझे गोऱ्हे वाचले,” हेक्टर अवघडून म्हणाला. “आभार मी मानायचे.”

संध्याकाळी घरी शशिधरनं हे सांगितलं तेव्हा मधुमती ताट वाढता वाढता थांबली. “गुरुवारचा शर्ट मी इस्त्री करते,” ती म्हणाली, आणि लगेच तोंड फिरवून आमटी ढवळायला लागली.

गुरुवारी फियोनाची गाडी सातला अंगणात आली. पहिल्याच गोठ्यात तिनं गळ्यातला स्टेथोस्कोप काढून त्याच्यापुढं धरला. “ऐका, आणि मला सांगा.” पावणेदोन वर्षांनी शशिधरनं तो कानाला लावला. गोऱ्ह्याच्या उबदार बरगडीवर हात ठेवून तो वाकला. आत श्वास स्वच्छ चालला होता.