तरवडाचं कुंपण

माझं माहेर पंचवटीच्या मळ्यातलं. झेंडू, शेवंती, पाटाचं पाणी. २००१ साली लग्न होऊन मी सिन्नरकडच्या माळावर आले, तिथे पाण्याआधी धूळच भेटायला आली.

घरामागे दगडगोट्यांची एक पट्टी पडून होती. तिथे मी शेवगा लावला आणि शेजारच्या जयरामभाऊंच्या शेळ्यांनी तो बुंध्यापर्यंत फस्त केला. सासरे गोटीराम म्हणाले, "आणखी दोन दसरे देतो. शेवगा उभा राहिला तर पट्टी तुझी. नाय तर जयरामच्या शेळ्यांना चरायला सोडू." मला रडू आलं, पण त्याहून राग जास्त आला.

काट्यांच्या फांद्या रोवल्या, तर त्यांना वाळवी लागली. मग एकदा माळाकडे पाहिलं. सगळा माळ बोडका, हिरवा फक्त तरवड. शेळ्या त्याला हुंगायच्या आणि नाक मुरडून पुढे जायच्या. कुंपण मिळालं!

चपट्या, कागदी शेंगा ओटीत भरून आणल्या. पण मी पडले मळेकरीण. झेंडूसारखा वाफा केला, बी टाकलं, रोज कळशीने पाणी घातलं. एकही उगवलं नाही. जयरामभाऊ पारावर सांगत सुटले, "तरवडाला पाणी घालणारी बाई पयल्यांदाच पायली!" गाव पोट धरून हसलं.

उरलेलं एक बी चिडून दाताखाली धरलं, तर दातच कळवळला. एवढ्या टणक सालीतून पाणी आत शिरणार कसं? पुढच्या पावसाळ्यात मी बी पाट्यावर घासलं, गरम पाण्यात भिजवलं, मग पेरलं. सासूबाई म्हणाल्या, "बियांची चटनी करती का काय?" पण आठवड्यात कोंब आले. मग जोडीजोडीची पानं, प्रत्येक देठाशी कानाच्या पाळीसारखं गोल पान. मुळं खोल गेली आणि कळशीची गरजच संपली.

२००३ साली पाऊस रुसला. माळावरचा तरवड लोकांनी सरपणाला तोडला. माझं कुंपण मात्र नवरात्रात पिवळंधमक फुललं. पाच पाकळ्यांच्या फुलांचे घोसच्या घोस, त्यांवर भुंगे घुमत होते. आत त्याच बुंध्यातून पुन्हा फुटलेला शेवगा माझ्या डोक्यावर गेला होता.

पहिल्या माळेच्या सकाळी जयरामभाऊ रिकामी परडी घेऊन दारात आले. आमच्याकडे घटाला रोज तरवडाची माळ लागते, आणि गावात दुसरीकडे फूल नव्हतं. माझ्याकडे न बघता ते सासऱ्यांना म्हणाले, "गोटीरामदादा, थोडी फुलं तोडू का?"

सासऱ्यांनी तंबाखू मळता मळता मान हलवली. "मला काय इचारतो? तिला इचार. पट्टी तिची हाय."

"तोडा की, जयरामभाऊ," मी म्हटलं. "शेळ्यांनाही घेऊन या दर्शनाला."