टाके घातलेली गाय

रक्ताचं नातं शेवटी रक्ताचंच, हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती. धाकट्याने फावड्याचा दांडा फिरवला, थोरल्याची भुवई फाटली आणि गोठ्याच्या फरशीवर ते सगळ्यांना दिसलं.

सगळे म्हणजे वहिनी, खाटकाचा ड्रायव्हर आणि गाय. गाय रवंथ करत होती.

"सोड तिला," थोरला डोळ्यातलं रक्त पुसत म्हणाला. "पोट फाडून वासरू काढलेली गाय परत गाभण राहते होय?"

"डॉक्टर म्हणाला होता ना दादा, राहते. जरा उशीर लागतो."

"डेअरीच्या माणसाने तीनदा रेतन केलं. आता तीन महिने माजावरसुद्धा येत नाही. संपली ती!"

ऑपरेशननंतर बारा दिवस धाकट्याने तिची डाव्या कुशीवरची जखम कोमट पाण्याने धुतली होती, पण ते काही उत्तर होत नाही. म्हणून त्याने पुन्हा दांडा उगारला. थोरल्याने त्याचं मनगट धरून गव्हाणीच्या लोखंडी नळीवर आपटलं. काटकी मोडावी तसा आवाज आला.

"मी नंतर येऊ का?" ड्रायव्हरने विचारलं.

वहिनीने फोन केला तो जनावरांच्या डॉक्टरला. जवळ तोच होता. ऑपरेशनच्या दिवशी वासरू मेलेलं निघालं म्हणून थोरल्याने त्याला शेणात लोळवलं होतं, आणि तेव्हापासून कुणी त्याला बोलावलं नव्हतं. तरी तो आला.

भुवई बघून म्हणाला, "माणसं शिवायचा परवाना नाही मला."

मग खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून तो गाईमागे उभा राहिला. हात आत, नजर छपराकडे.

"साडेतीन महिने."

"कसले?"

"गाभण आहे."

"पण माजावर येत नव्हती की!" थोरला म्हणाला.

"गाभण गाय माजावर येत नाही."

ड्रायव्हरने गाडी वळवली. धाकट्याने सुजलेलं मनगट पोटाशी धरलं आणि दुसरा हात गाईच्या वणावर टेकवला. तिने शेपटीने तो झटकला.

साडेपाच महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी, ती कुणाच्याही मदतीशिवाय व्याली. दोघे भाऊ तेव्हा कोर्टात होते. एकमेकांवर केलेल्या मारहाणीच्या खटल्यांची तारीख होती.

गोऱ्हा झाला. नराला दूध नसतं. खाटकाची गाडी शनिवारी त्याला न्यायला आली.