आजाच्या पानातला घास

वासितीनं ओल्या गोणपाटाचं टोक धरलं, पण वाफ अशी अंगावर आली की हात झटकून ती मागं सरली.

"चुलीपाशी वाढलीस ना गं तू?" शायल हसली.

"खड्ड्यापाशी. चूल तुमची." वासितीनं ओठ दाताखाली धरून पुन्हा गोणपाट उपसलं. तिच्या वडिलांनी, इसिकेलींनी, फावड्यानं उरलेली माती ओढली आणि लोवोचं, जमिनीतल्या त्या भट्टीचं, तोंड उघडलं. केळीची काळवंडलेली पानं, त्यांखाली पुडके, आणि सगळ्यांत खाली तापून पांढरे पडलेले दगड. धुराचा आणि नारळाच्या दुधाचा वास उसाच्या कडेपर्यंत गेला.

बेटावरच्या लबासा गावातल्या शाळेच्या पाककलेच्या वर्गानं यंदा ठरवलं होतं, ज्यानं त्यानं आपल्या घरचं बिनमांसाचं दुसऱ्याला शिकवायचं. शायलनं काकीची सैना शिकवली, अळूच्या पानांना बेसन लावून वळलेली. जेफ्री फोंगनं मावशीचा टोफू आणला. वासिती मासेमारांच्या गावची. "आमच्याकडं बिनमांसाचं म्हणजे मासा," असं तिनं सांगितलं तेव्हा मिसनासुद्धा हसू आवरलं नव्हतं. मग तिनं पालुसामी केली. अळूच्या पानांत नारळाचं घट्ट दूध घालून बांधलेली, एरवी आत डब्यातलं मांस असतं ते वगळून. कांदासुद्धा वगळून, कारण शायलच्या घरी पारायण बसलं होतं.

कल्पना शायलचीच. पारायणाच्या शेवटच्या दिवशीचं जेवण वर्गानं रांधायचं. तिनं आजाला भीत भीत विचारलं. आजा म्हणजे बिसेसर महाराज, पंचक्रोशीत त्यांच्यासारखी कथा सांगणारा नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "देवाच्या दारात कुणाचा हात वेगळा का असतो, बेटा? येऊ देत."

त्याच दिवशी शायलनं वासितीला शब्द दिला. "माझा आजा तुझ्या हातचं खाईल. बघ तू."

वासितीनं पारायणाचे सगळे दिवस मासा तोंडात घातला नाही. घरात भावंडं तिच्यासमोर तळलेल्या तुकड्या नाचवायची. इसिकेलींनी तर गावचा जुना खड्डा वापरलाच नाही. त्यातल्या दगडांवर डुकरं भाजली गेलेली, चरबी मुरलेली. त्यांनी नदीतून नवे दगड वेचून आणले, ओला दगड तापला की फुटतो म्हणून ते घरच्या विस्तवाशेजारी वाळवले, आणि शायलच्या अंगणात नवा खड्डा खणला. "म्हाताऱ्याचं व्रत आहे," एवढंच बोलले.

पत्र्याच्या मांडवात आजाची कथा शेवटाला आली होती. नदीकाठचा प्रसंग होता. वनवासाला निघालेल्या देवाला नावाडी पलीकडं नेतो आणि नावेचं भाडं म्हणून काही घेत नाही, तो. आजांनी पेटीवरचा हात उचलला. ढोलकही थांबला. सूर न लावता, घरात बोलावं तसं ते बोलू लागले.

"अंगाला मासळीचा वास. हात चिखलाचे. तो आपला लांब उभा. आणि देव काय करतो? देव म्हणत नाही, जा, आधी अंघोळ करून ये. देव पुढं होतो, आणि..."

पुढचं त्यांना बोलवेना. गळा भरून आला. मग तिथूनच, त्या भरल्या गळ्यातूनच त्यांनी सूर उचलला, आणि सगळा मांडव त्या सुरामागं गेला. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. दाराशी उभ्या वासितीला शब्द कळत नव्हते, तरी तिनंही नाक ओढलं. शायलनं तिचा हात दाबला. आजाचा तिला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की छाती दुखावी.

आरती झाली. पानं मांडली गेली.

"तुम्ही पोरं राबलात. तुम्ही बाहेर आंब्याखाली बसा, आधी तुमचं पान," सुभाग काकी म्हणाली. "मांडवात आम्ही वाढतो."

"काकी, मी वाढते ना."

"तू पाणी दे. आली मोठी वाढपी!"

शायल तांब्या घेऊन मांडवात फिरली. म्हाताऱ्यांची पंगत जोरात होती. पालुसामी आतूनच सोडून वाढायला येत होती, हिरवंगार सारण भाताला लागत होतं. कुणीतरी म्हणालं, "वा, पोरांनी कमाल केली." आजांनी तिला पाहिलं आणि नेहमीसारखी खूण केली. लहानपणापासून आजाच्या पानातला एक घास तिचा असायचा. ती वाकली. त्यांनी पालुसामीत कालवलेला भात स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातला.

तिनं चावला. पुन्हा चावला.

धुराचा वास नव्हता.

घास तिनं गिळला. आजा पुढच्या माणसाशी बोलू लागले होते. ती तांब्या खाली ठेवून स्वयंपाकघरात गेली. गॅसवर मोठं पातेलं होतं, आणि त्याच्या पाण्यात चांदीच्या कागदात बांधलेले आणखी काही पुडके तरंगत होते. ती मागच्या दारानं बाहेर आली. नळाशी नुकतीच घासलेली पातेली उपडी घातली होती, आणि तिथून चार हातांवर गाईच्या आंबोणाची टोपली. तिच्यात केळीच्या काळवंडलेल्या पानांचे पुडके, न सोडलेले, एकावर एक रचलेले. वरून जेफ्रीचा टोफू ओतलेला.

मंडळी हात धुवायला उठली तेव्हा आजा पोथी रेशमी कापडात बांधत होते.

"आजा, लोवोतलं जेवण टोपलीत का टाकलं?"

त्यांनी मान वर केली नाही. "हळू बोल."

"मला तुम्ही हो म्हणाला होतात."

"तू किती खुशीत होतीस. नाही कसं म्हणायचं?" गाठ मारता मारता ते थांबले. "मंडळीतली चार माणसं पानावरून उठून गेली असती. त्यांच्या दगडांवर काय काय भाजतात, तुला माहीत नाही का?"

"दगड नवे होते. वासितीच्या वडिलांनी नदीतून आणले. वाळवले. खड्डा नवा खणला."

आजांचा हात पोथीवरच राहिला.

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही."

"काल संध्याकाळी त्याच्याबरोबर एका करवंटीतून यंगोनाच्या मुळ्यांचं पाणी प्यायलो मी," आजा जरा चिडून म्हणाले, जणू आरोप तिनं नाही, दुसऱ्याच कुणी केला होता. "भेदभाव मला करायचा असता तर... शिजवलेल्याची गोष्ट वेगळी असते, बेटा. तुझं मन राखलं, त्यांचंही राखलं. कुणाचं काय बिघडलं?" मग आवाज उतरवून म्हणाले, "त्यांना काही बोलू नकोस. भले लोक आहेत. उगाच दुखावतील."

ते पोथी कपाळाला लावून आत गेले. शायल तिथंच उभी राहिली. मांडवातल्या सगळ्यांनी, काकीनं, पंगतीतल्या प्रत्येक म्हाताऱ्यानं हे ठाऊक असूनच कमाल झाली म्हटलं होतं की काय, हे तिला आता कुणाला विचारताही येणार नव्हतं.

अंगणात इसिकेली फावडं आणि गोणपाटं गाडीत टाकत होते. धुरानं डोळे लाल झालेले, पण चेहरा खुललेला. शायलला बघताच त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"काय गं पोरी, म्हाताऱ्यानं खाल्लं का? खरं सांग. का पानाखाली सारलं?"

शायलनं तोंड उघडलं. मांडवातून काकीच्या हसण्याचा आवाज आला.

"दोनदा मागून घेतलं, काका."

"ऐकलंस?" इसिकेलींनी गाडीच्या टपावर थाप मारली. "ऐकलंस का गं वासिती? दोनदा!"

वासिती गाडीत चढून बसली होती. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि नखांत भांड्यांची काजळी होती.

"हो, ता," ती वडिलांना म्हणाली. "मी मागं नळावर पातेली घासत होते ना, मला तिथून सगळं दिसलं. फार आवडलं त्यांना."

"पुढच्या वर्षी मोठा खड्डा खणू मग," म्हणत इसिकेली पुढं गाडी सुरू करायला गेले.

शायलनं मागची फळी लावायला हात पुढं केला. वासितीनं आतूनच ती ओढून घेतली आणि कडी घातली.